धरमतरची सोडलेली वाट

मंडळी, धरमतर म्हटलं की पेण-रोह्याकडच्या जुन्या माणसांना आगबोट आठवायची. मुंबईहून बोटीनं यायचं, धक्क्यावर उतरायचं आणि मोटार धरून थेट महाड गाठायचं. कुलाबा जिल्ह्याची, म्हणजे आजच्या रायगडची, ही वहिवाटीची वाट. जवळची आणि स्वस्तही.

पण २४ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या सत्याग्रह परिषदेला निघाले, तेव्हा त्यांनी ही वाट सोडली. कोलंबिया आणि लंडन या विद्यापीठांत शिकलेला हा बॅरिस्टर. पण धरमतरचे मोटारवाले आपल्या लोकांना गाडीत घेतील, याचा त्यांना भरवसा नव्हता. म्हणून सुमारे दोनशे प्रतिनिधींसह ते ‘पद्मावती’ बोटीनं दासगावला गेले. तिथं मोटार नाकारली, तरी महाड पाचच मैल. पायी गाठता येतं.

तुम्ही म्हणाल, याचा शिक्षणाशी काय संबंध? संबंध असा, की शाळेचंही नेमकं हेच होत आलं. हुकूम निघायचा, पण घरापासून बाकापर्यंतची वाट अडलेलीच राहायची.

त्या वेळच्या मुंबई इलाख्यातल्या धारवाडचं उदाहरण घ्या. १८५६ साली तिथल्या एका महार मुलानं फी भरायची तयारी दाखवूनही त्याला सरकारी शाळेत घेतलं नाही. पुढं १८५८ साली सरकारनं जाहीर केलं, की केवळ सरकारी खर्चानं चालणाऱ्या शाळा सर्वांना खुल्या राहतील. तरी १९२३ साली सी. के. बोले यांना मुंबईच्या कायदेमंडळात पुन्हा ठराव आणावा लागला, की सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत. पासष्ट वर्षं गेली, आणि मागणी तीच!

महाड तालुक्यातले रामचंद्र बाबाजी मोरे यांचंच पाहा. लहानपणी शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेनं त्यांना आधी प्रवेश नाकारला. तक्रार झाली, तेव्हा प्रवेश मिळाला. पण बसायची जागा इतर मुलांपासून वेगळी. हाच मुलगा मोठा होऊन मार्च १९२७ च्या महाड परिषदेच्या मांडणीत पुढं होता.

त्या परिषदेचं नाव निघालं, की आपल्याला चवदार तळं आठवतं. ते योग्यच. पण तिचे ठरावही वाचण्यासारखे आहेत. प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करा, वसतिगृहांना मदत द्या, बोले ठराव अमलात आणा, अशी मागणी तिनं सरकारकडे केली. आणि स्पृश्य समाजाला विनंती केली, की अस्पृश्य विद्यार्थ्यांना जेवण द्या, आमच्या माणसांना नोकरीवर घ्या. शाळेत नाव घातलं म्हणजे मूल शिकलं असं होत नाही. त्याला भाकरी, निवारा आणि शिकल्यावर काम लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं तर १९२५ सालीच सोलापूरला वसतिगृह काढलं होतं. स्वतः बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला गेले, तेही बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर.

आज सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क आहे. १ एप्रिल २०१० पासून तसा कायदाच आहे. पण पावसाळा सरला की आपल्याच जिल्ह्यातली कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. मूल आईबापांबरोबर जातं आणि हजेरीपटावर नाव तेवढं उरतं. त्याला कोणी मोटार नाकारलेली नसते, तरीही ते शाळेपर्यंत पोचत नाही.

तेव्हा गुरुजी, या खेपेस हजेरी घेताना गैरहजर मुलाच्या नावापुढं फुली मारून थांबू नका. ते कुठं गेलं, कोणाबरोबर गेलं, तिथं जवळ कोणती शाळा आहे, एवढं विचारा आणि त्या शाळेला कळवा. आणि गावकरी मंडळी, मागं राहिलेल्या आजी-आजोबांपाशी मूल ठेवता येईल का, त्याच्या दोन वेळच्या जेवणाचं काय, हे गावात बसून ठरवा. दासगावची वाट बाबासाहेबांना शोधावी लागली; या मुलांची वाट आपण शोधायची आहे.