कापलेला नकाशा

सात खंडांची नावे मुले चटकन पाठ करतात. पण एखाद्या वर्गात कोणीतरी नकाशावर बोट ठेवून विचारतेच, "युरोप आणि आशिया यांच्यामध्ये समुद्र कुठे आहे? मग हे दोन खंड कसे?" 'पाण्याने वेढलेला जमिनीचा मोठा भाग म्हणजे खंड' असे आपण नुकतेच फळ्यावर लिहिलेले असते. "पुस्तकात तसेच दिले आहे" असे म्हणून आपण वेळ मारून नेतो. या प्रश्नाचे उत्तर भूगोलाच्या इतिहासात आहे आणि ते लहान मुलांनाही कळण्यासारखे आहे.

लंडनमध्ये १७६०च्या दशकात जॉन स्पिल्सबरी हा नकाशे कोरणारा कारागीर होता. त्याने छापील नकाशे लाकडी फळीवर चिकटवले आणि देशांच्या सीमांवरून करवतीने कापले. तुकडे जुळवता जुळवता मुलांनी भूगोल शिकावा, हा त्यामागचा हेतू. आजची जिगसॉ कोडी या कापलेल्या नकाशांतूनच आली. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याच्या मुलांनाही असेच नकाशे जुळवायला देत असत. तुकडा हातात घेतला, की त्याचा आकार आणि त्याचे शेजारी लक्षात राहतात, हे तेव्हाच्या शिक्षकांनी ओळखले होते.

पण करवत कुठून फिरवायची हे कोणी ठरवले? प्राचीन ग्रीकांना तीनच खंड माहीत होते: युरोप, आशिया आणि लिबिया, म्हणजे आफ्रिका. एकाच सलग भूमीला तीन स्त्रियांची नावे का दिली, असा प्रश्न इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटसलाही पडला होता. आपल्या वर्गातल्या मुलाचा प्रश्न इतका जुना आहे! युरोपची पूर्व सीमा ग्रीक लोक बहुधा डॉन नदीवर मानत. ती उरल पर्वतावर नेण्याची सूचना अठराव्या शतकात पुढे आली. पर्वत जागचा हलला नव्हता, हलली ती माणसांनी आखलेली रेघ. लॅटिन अमेरिकेतील अनेक देशांत आजही उत्तर आणि दक्षिण अमेरिका मिळून एकच खंड शिकवतात.

मग सगळ्याच रेघा माणसाच्या का? तसे नाही. आफ्रिकेचा पश्चिम किनारा आणि दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा एकमेकांत बसतात, हे पूर्वीही काहींच्या लक्षात आले होते. जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर याने १९१२ साली मांडले, की हे खंड एकेकाळी जोडलेले होते आणि नंतर दूर सरकले. फाटलेल्या वर्तमानपत्राचे तुकडे जुळवताना केवळ कडा जुळून भागत नाही, छापलेल्या ओळीही जुळाव्या लागतात, असा दाखला त्याने दिला. खडक आणि जीवाश्म या त्या ओळी. मेसोसॉरस या गोड्या किंवा उथळ पाण्यातल्या सरपटणाऱ्या प्राण्याचे जीवाश्म ब्राझीलमध्येही सापडतात आणि दक्षिण आफ्रिकेतही. तरीही खंड सरकतात हे बहुतेक शास्त्रज्ञांनी मान्य केले ते १९६०च्या दशकात, समुद्रतळाचा अभ्यास झाल्यावर.

हे सारे वर्गात एका तासात करता येते. पृथ्वीच्या गोलावर पातळ कागद ठेवून आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका गिरवून घ्या. सपाट नकाशा घेऊ नका, त्यात आकार बिघडलेले असतात. पुठ्ठ्यावर ते कापून मुलांच्या हाती द्या आणि जुळवायला सांगा. कडा थोड्या कमीजास्त होतील, कारण खंडांच्या खऱ्या कडा समुद्राखाली आहेत. मग जुने वर्तमानपत्र फाडून ओळी जुळवायला लावा. शेवटी युरोप-आशियाचा एकच अखंड तुकडा पुढे ठेवा आणि विचारा, "हा कुठे कापू या?"

वर्गात एकमत होणार नाही. ते झाले नाही तरी बिघडत नाही. काही रेघा पृथ्वीने आखल्या आणि काही माणसांनी, हा फरक मुलांनी आपल्या हातांनी तपासलेला असेल. सात नावे त्यानंतर पाठ केली तरी चालतील.