भास्कराचार्यांचे चाक आणि उज्जैनची वेधशाळा

बाहेरगावचे पाहुणे आले की आपण उज्जैनकर त्यांना महाकालाचे दर्शन घडवतो आणि मग वेधशाळेत नेतो. तिथे हटकून सांगतो, की भास्कराचार्य इथले प्रमुख होते आणि त्यांनी आपोआप फिरणारे चाक शोधले होते. पुढच्या पिढीला हे सांगण्यापूर्वी एकदा तपासून घ्यावे, असे आम्हाला वाटले.

पहिली गोष्ट लवकर आटपते. आज उभी असलेली वेधशाळा सवाई जयसिंगाची, अठराव्या शतकातली. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४ चा. त्यांनी स्वतः आपले गाव सह्याद्रीकडचे विज्जडविड असे लिहून ठेवले आहे, आणि त्यांचा नातू चांगदेव याच्या मठाचा शिलालेख सापडला तो चाळीसगावजवळच्या पाटण इथे. म्हणजे माणूस आपल्याच मुलखातला! उज्जैनशी त्यांचे पक्के नाते रेखांशाचे. आपले ज्योतिषी गणित करत ते उज्जयिनीच्या रेखेवरून.

चाकाची गोष्ट मात्र खरी आहे. ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या यंत्राध्यायात ते येते. हलक्या लाकडाचे चाक, त्याला पोकळ, एकाच बाजूला कललेले आरे, आऱ्यांत अर्धा पारा भरून तोंडे बंद. असे चाक स्वतःच फिरत राहते, असे वर्णन आहे. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्येच अशा चाकाविषयी लिहिले होते.

ते फिरत राहणार नाही. एका बाजूचा पारा आसापासून दूर सरकतो, हे खरे. पण पूर्ण फेऱ्यात जेवढा पारा खाली उतरतो तेवढाच पुन्हा वर चढवावा लागतो. जमा तेवढा खर्च, शिल्लक शून्य. शिवाय आस घासतो, पारा आऱ्यांत डचमळतो, आणि हाताने दिलेला रेटा उष्णता होऊन विरत जातो. ही उष्णता मोजली जूलने, १८४० च्या दशकात: वजन खाली सोडून त्याने पाण्यातली पाती फिरवली आणि पाणी किती तापले ते पाहिले. ऊर्जा नष्ट होत नाही, पण अशी विखुरलेली पुन्हा चाकाच्या कामी येत नाही. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने तर १७७५ मध्येच अशा चाकांचे प्रस्ताव तपासणे बंद केले होते.

मग आचार्य चुकले म्हणून मान खाली घालायची का? मुळीच नाही. या यंत्राचा गोलाशी संबंध नाही, पूर्वीच्यांनी सांगितले म्हणून आपणही सांगतो, असे तेच म्हणतात. गंमत अशी, की वरून पाणी पाडून फिरणारे चाकही त्यांनी दिले आहे आणि ते बाहेरच्या पाण्यावर अवलंबून म्हणून गावंढळ ठरवले आहे. चालले असते ते तेच! त्यांची थोरवी गणितात आहे. ती या चाकाला टांगायची गरज नाही.

घर्षणाची खरी दखल उज्जैनमध्ये घेतली ती जयसिंगाने. पितळी यंत्रांचे आस झिजतात, मध्य सरकतो आणि वेध चुकतात, ही त्याची तक्रार होती. म्हणून त्याने चुना आणि दगड घेतला. सम्राट यंत्रात फिरणारा एकही भाग नाही. फिरते ती सावली. पुढे ही यंत्रेही ढासळली. १९२३ मध्ये माधवराव शिंदे महाराजांच्या आश्रयाने त्यांची डागडुजी झाली आणि गोविंद सदाशिव आपटे यांनी इथे पुन्हा वेध सुरू केले.