वैरागड आणि वैरागडे

या महोत्सवी अंकांत पूर्वजांचें स्मरण होत असतां त्यांच्या आडनांवांचाही थोडा विचार व्हावा, असें आम्हांस वाटतें. गांवावरून आडनांव पाडतांना ‘कर’ लावण्याची रीत सर्वांस ठाऊक आहे. शुभवर्तमानांतील अरिमथाईकर योसेफासही मराठी अनुवादकांनीं तीच लाविली. दुसरी रीत आमच्या विदर्भांत फार दिसते. नागपूरचे ते नागपुरे, रामटेकचे ते रामटेके. त्याचप्रमाणें वैरागडचे ते वैरागडे.

हें वैरागड गडचिरोली जिल्ह्यांत, आरमोरी तालुक्यांत आहे. तेथें जुना किल्ला असल्यामुळें नांवांतील ‘गड’ म्हणजे किल्लाच, असें कोणीही म्हणेल. आणि उरलेल्या भागासाठीं वैरोचन नामक राजाची दंतकथा तयारच आहे. संशोधकांचें मत मात्र निराळें असून आम्हांस तेंच ग्राह्य वाटतें. वज्र म्हणजे हिरा, आकर म्हणजे खाण. ‘वज्राकर’ या शब्दांतील वज्राचें प्राकृतांत ‘वइर’ झालें व आकराचें ‘आगर’. (मिठागरांतील आगर तें हेंच.) पुढें किल्ला डोळ्यांसमोर असल्यानें लोकांच्या तोंडीं ‘गड’ बसला. हा केवळ व्याकरणाचा खेळ नव्हे. १०७० सालीं गादीवर आलेल्या पहिल्या कुलोत्तुंग चोळाच्या लेखांत ‘वयिरागरम्’ येथें हत्ती धरल्याचें सांगितलें आहे, व तमिळांत वयिरम् म्हणजे हिराच. अकबराच्या काळीं अबुल फजलानेंही आईन-ए-अकबरींत येथील हिऱ्यांच्या खाणीची नोंद केली.

आतां, गांवांतच राहणाऱ्यास गांवाचें नांव कोण लावील? वैरागडे हें नांव पडलें तें ज्यांनीं वैरागड सोडलें त्यांस. म्हणजे ज्या घराण्यास आपला इतिहास ठाऊक नाहीं, त्याच्याही पूर्वजांचें एक स्थलांतर या चार अक्षरांत नोंदलेलें आहे. ख्रिस्तशरण झालेल्यांनीं पवित्र स्नानांत नवें नांव घेतलें, पण आडनांव तेंच राखिलें. तें योग्यच केलें, कारण भाऊबंदांशीं तोच धागा उरतो.

चांदा शहराचें चंद्रपूर झालें, १९८२ सालीं गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला; आमच्या धर्मप्रांतानें मात्र १९६२ पासून ‘चांदा’ हेंच नांव चालविलें आहे. शहराचें नांव बदलण्यास सरकार लागतें, आडनांव बिघडविण्यास घाईंतला एक कारकून पुरे. यास्तव स्नानसंस्काराच्या वेळीं पालकांनीं आडनांव तोंडीं न सांगतां लिहून आणावें, आणि आजोबांस मूळ गांव ठाऊक असल्यास तेंही कळवावें. वहीच्या समासांत त्यासाठीं जागा आहे.