‘नाइट कोर्ट’: पुनरागमनाचा पहिला भाग

हा परिचय एनबीसी या अमेरिकन वाहिनीवरील ‘नाइट कोर्ट’ या विनोदी मालिकेच्या पुनरुज्जीवनातील, १७ जानेवारी २०२३ रोजी प्रक्षेपित झालेल्या पहिल्या भागाचा होय. मूळ मालिकेत (१९८४–१९९२) मॅनहॅटनच्या रात्रपाळीच्या अदालतीत न्यायाधीश हॅरी स्टोन यांच्यासमोर सरकारपक्ष चालविणारा डॅन फील्डिंग येथे समन्स बजावण्याच्या कामावर दिसतो. आणि पित्याच्याच न्यायासनावर आरूढ झालेली हॅरीची कन्या ॲबी त्यास आरोपींच्या बचावाची सरकारी वकिली पत्करण्यास राजी करते. शिक्षा मागण्यात हयात घालविलेल्या माणसास निर्धनांची कैफियत मांडावयास लावणे, ही आमच्या मते लेखकांची थोर कल्पकता आहे. हॅरीची भूमिका करणारे हॅरी अँडरसन २०१८ मध्येच निवर्तले होते. म्हणून डॅनची भूमिका करणाऱ्या जॉन लॅरोकेट यांनी दाखविलेला मित्रवियोग निव्वळ अभिनय वाटत नाही.