ग्वाल्हेरला पाठवलेली मुलं



दिवाळीनंतर आम्ही सोनागिरीची यात्रा केली आणि परतताना गोपाचलच्या दर्शनासाठी ग्वाल्हेरला उतरलो. उरवाई दरवाजाच्या वाटेवर दोन्ही अंगांना कड्यात कोरलेल्या मूर्ती आहेत. आदिनाथ भगवंतांची उभी मूर्ती जवळपास ५७ फूट उंच. मान मागे टाकून बघावं लागतं, आणि बघताना डोळ्यांत पाणी येतं, कारण कितीतरी मूर्तींचे चेहरे फोडलेले आहेत. पंधराव्या शतकात तोमर राजांच्या काळात आपल्या श्रावकांनी त्या घडवल्या. पुढे शंभर वर्षंही झाली नसतील, बाबर तिथं आला आणि त्याने त्या फोडायचा हुकूम दिला. हे त्याने स्वतःच आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. काही मूर्तींचे चेहरे नंतर समाजाने चुन्याने पुन्हा केले.

दर्शन झाल्यावर वर किल्ल्यात गेलो. मानमंदिर महालाच्या तळघरात वाटाड्या सांगत होता, इथं मोगल आपले शाही कैदी ठेवायचे. औरंगजेबाचा भाऊ मुराद, दाराची मुलं, शिखांचे गुरू हरगोविंद अशी नावं त्याने घेतली. आमच्या नगरचा त्याने उल्लेखही केला नाही. मला मात्र तेवढंच आठवत होतं. निजामशाहीचे तीन बालराजे याच किल्ल्यात आणून ठेवले होते.

मी धारूरची. आमचा किल्ला विजापूरच्या किश्वरखानाने बांधला आणि दोनच वर्षांत, १५६९ मध्ये, नगरच्या मुर्तजा निजामशाहाने घेतला. गावाचं नाव फत्तेहाबाद ठेवलं. लहानपणी आम्ही खारी दिंडी, गोडी दिंडी बघायला जायचो, सीताफळांच्या दिवसांत तर जास्तच. पण हा मुर्तजा कोण, हे शाळेत कुणी सांगितलं नाही. १५६५ मध्ये बाप गेला तेव्हा तोही कोवळाच होता. राज्य चालवलं त्याच्या आईने, खुंजा हुमायूनने. मुलगा हाताशी आला आणि सरदारांच्या नादाने त्याने आईलाच कैदेत टाकलं.

तिच्या नवऱ्याच्या कौतुकाची एक सचित्र पोथी आहे, तारीफ-ए-हुसैनशाही. ती पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तिच्यातल्या चित्रांत राजाशेजारी राणी काढलेली होती. नंतर कुणीतरी बहुतेक चित्रांतून ती पुसून टाकली. राजा आहे, दासी आहेत, आणि राणीच्या जागी रंगाचा डाग. गोपाचलला ते फोडलेले चेहरे बघताना मला तो डाग आठवला.

या खुंजा हुमायूनची मुलगी म्हणजे चांदबिबी. तिची तलवार आपल्याला ठाऊक आहे, पण मला तिची दुसरी बाजू जास्त मोठी वाटते. तिने दोन घरची दोन मुलं सांभाळली. विजापूरला नवरा मारला गेला तेव्हा गादीवर नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम बसला. त्याच्या पाठीशी ती उभी राहिली, त्यापायी तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद भोगावी लागली. तो मुलगा वाचला आणि मोठा राजा झाला. मग विधवा चांदबिबी माहेरी नगरला आली, तर तिथंही तेच वाट बघत होतं.

१५९५ मध्ये तिचा भाचा इब्राहिम निजामशाह लढाईत पडला. मागे राहिला त्याचा लहानगा मुलगा, बहादूर. चांदबिबी त्याची आजी लागे, म्हणजे आजोबांची बहीण. वजीर मियाँ मंजूने त्याला जुन्नरजवळच्या चावंडच्या किल्ल्यात डांबलं आणि भलत्याच मुलाला निजामशाही घराण्याचा म्हणून गादीवर बसवलं. अंगावर शेकायला लागलं तेव्हा त्यानेच मोगलांना मदतीला बोलावलं. मोगल आले ते जायला थोडेच! वेढा पडला, तट सुरुंगाने उडाला, चांदबिबीने रातोरात तो भरून काढला, हे सगळ्यांना पाठ आहे. पण १५९६ च्या तहात तिने काय मिळवलं ते बघा. वऱ्हाड दिला आणि बहादूर राजा आहे हे मोगलांकडून कबूल करून घेतलं. मुलगा चावंडहून सुटून नगरला आला.

ते चारच वर्षं टिकलं. १६०० मध्ये पुन्हा वेढा पडला. तेव्हा तिने जाणलं की आता किल्ला राहत नाही. किल्ला द्यावा आणि मुलाला घेऊन सुखरूप जुन्नरला निघून जावं, असा तिचा विचार होता. हीच गोष्ट फितुरी ठरली. आपल्याच लोकांनी आत शिरून तिला मारलं. थोड्याच दिवसांत किल्ला पडला आणि बहादूरला अकबराच्या हुकमाने ग्वाल्हेरला पाठवलं.

इतिहासाच्या पुस्तकात बहादूरचं वाक्य इथं संपतं. 'ग्वाल्हेरला रवानगी झाली.' मी बी.कॉम. केलं तेव्हा हिशेबात एक सस्पेन्स खातं असायचं. रक्कम कुठं टाकायची कळेना, की ती तिथं ठेवायची आणि ताळेबंद जुळवून मोकळं व्हायचं. ग्वाल्हेर म्हणजे मोगलांचं सस्पेन्स खातं.

पुढचे दोन राजे तर निव्वळ मोहऱ्यासारखे वापरले गेले. १६३१ च्या सुरुवातीला, मोठ्या दुष्काळाच्या ऐन मध्यात, आमचा धारूरचा किल्ला मोगलांच्या आजमखानाने घेतला आणि निजामशाहीचा कणाच मोडला. तेव्हा मलिक अंबरच्या मुलाने, फत्तेखानाने, आपला धनी बुऱ्हाणशाह याला ठार केलं आणि हुसैन नावाचं पोर गादीवर बसवलं. १६३३ मध्ये दौलताबाद पडलं. ज्याने राजा मारला त्या फत्तेखानाला मोगलांनी माफी दिली आणि वर तनखा बांधून दिला. ज्याने काहीच केलं नव्हतं त्या हुसैनची रवानगी ग्वाल्हेरला!

तिसरा मुर्तजा. त्याला शहाजीराजांनी संगमनेरकडच्या पेमगिरीवर गादीवर बसवलं. पोर इतकं लहान की राजे त्याला मांडीवर घेऊन दरबार करत, असं आपल्याकडे सांगतात. तीनेक वर्षं त्यांनी त्या मुलाच्या नावाने मोगलांशी झुंज दिली. १६३६ मध्ये माहुलीला वेढा पडला तेव्हा मदत कुठूनच येईना. मुलगा मोगलांच्या हाती द्यावा लागला. राजांचा नाइलाज होता, हे मला कळतं. तरी मांडीवरचं मूल उतरवून देताना कसं झालं असेल, हा विचार सुटत नाही. त्यांचे स्वतःचे शिवबा तेव्हा सहा वर्षांचे होते.

शाहजहानच्या दरबारी इतिहासात लिहिलंय की मुर्तजाला ग्वाल्हेरला ठेवलं, आणि तिथं आधीचे दोन निजाम होतेच, एक नगरला पकडलेला आणि दुसरा दौलताबादचा. म्हणजे तान्हेपणी चावंडला डांबलेला बहादूर तेव्हा चाळिशीचा असणार. आत गेला तेव्हा पोर होता. छत्तीस वर्षं! लग्न, सण, आईच्या हातचा घास, काही नाही. एकमेकांना ते कधी दिसले की नाही, हे लिहायची गरज कुणाला वाटली नाही. फ्रेंच प्रवासी बर्निये पुढच्या काळातलं लिहितो की ग्वाल्हेरच्या शाही कैद्यांना रोज सकाळी अफूच्या बोंडांचं पाणी पाजत आणि ते प्याल्याशिवाय जेवण देत नसत. मारल्याचा डाग लागू नये आणि माणूसही उरू नये, अशी ती व्यवस्था.

हे फक्त आपल्याकडेच झालं असंही नाही. रशियाचा इव्हान सहावा १७४० मध्ये दोन महिन्यांचा असताना सम्राट झाला आणि पुढच्याच वर्षी पदच्युत झाला. त्याच्या नावाची नाणी परत मागवून वितळवली. खोल्मोगोरी नावाच्या उत्तरेकडच्या थंड गावात त्याला आईबापांच्याच आवारात, पण त्यांना कळू न देता वेगळा ठेवला. पुढे दुसऱ्या किल्ल्यात नेला. कुणी सोडवायला आलं तर त्याला मारून टाका, असा पहारेकऱ्यांना हुकूम होता. १७६४ मध्ये एक अधिकारी खरंच सोडवायला आला, आणि हुकूम पाळला गेला. आई तर १७४६ मध्येच बाळंतपणात गेली होती. उरलेली चार भावंडं कैदेतच वाढली आणि १७८० मध्ये डेन्मार्कला आत्याच्या आश्रयाला पाठवली गेली. त्याआधी सरकारी माणूस त्यांना भेटायला आला तेव्हा एका बहिणीने त्याच्याजवळ काय मागितलं? बाहेरच्या कुरणात फुलं असतात म्हणे, तिथं फिरायला जाऊ द्या. आणि आम्हाला नवे कपडे पाठवलेत, ते कसे घालायचे हे दाखवायला कुणीतरी बाई पाठवा.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. पण तिचं मागणं निदान कुणीतरी लिहून घेतलं. आमच्या तिघांचं तेवढंही नाही.

आपल्या पाठशाळेत बारा भावना शिकवताना अशरण भावनेला गुरुजी नेहमी राजाचंच उदाहरण द्यायचे. फौज, किल्ला, आईबाप, कुणी वाचवत नाही. तेव्हा मला वाटायचं, राजा म्हणजे दाढीमिशीवाला मोठा माणूस. आपले तीर्थंकरही राजघराण्यातलेच. पण त्यांनी राज्य सोडलं ते समजून उमजून, आपल्या हातांनी. या मुलांनी ना मुकुट आपल्या हाताने घातला, ना आपल्या हाताने उतरवला. पूर्वकर्म म्हणून मी गप्प बसू शकते, पण ज्यांनी हे केलं त्यांचं कर्म तर त्याच क्षणी बांधलं जात होतं ना?

तळघरातून वर आलो तेव्हा उशीर झाला होता, बस थांबली होती. तरी आम्ही तिघी-चौघी एक पत्थर की बावडीकडे पार्श्वनाथ भगवंतांच्या दर्शनाला गेलो. ४२ फुटी पद्मासन मूर्ती आहे. तिथं बरोबरच्या एकीने विचारलं, कुणाच्या नावाने णमोकार म्हणतेयस एवढा वेळ? मी तीन नावं सांगितली. ती म्हणाली, आपल्या धर्माची तर नाहीत. मी म्हटलं, नाहीत, आपल्या गावाकडची आहेत. मग तीही शेजारी बसली.