लंडनचं घर आणि आमचा सातबारा

गेल्या आठवड्यात नाशिकहून भाच्याचा फोन आला. परदेशात एखादं घर घेऊन ठेवावं असं त्याच्या मनात आहे. "मामा, तुमच्या धाकट्यानं लंडनला घेतलं तेव्हा किती पैसे लागले?" मी म्हटलं, किती लागले ते एका वाक्यात सांगतो, पण कसे लागले ते सांगायला तास हवा. त्याच्याकडे तास नव्हता. तुमच्याकडे असेल तर वाचा. मी जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळे सुरुवात मागूनच होणार.

२०१९ च्या उन्हाळ्यात मी आणि सौ. लंडनला धाकट्याकडे गेलो होतो. तेव्हा तो भाड्याच्या घरात राहत होता. बकिंगहॅम पॅलेस वगैरे झाल्यावर मी म्हटलं, मला १०, किंग हेन्रीज रोड बघायचं आहे. चॉक फार्म स्टेशनला उतरून चालत गेलो. शांत रस्ता, रांगेतली जुनी घरं, त्यातल्या एकावर निळी गोल पाटी. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे राहत होते. आम्ही बाहेरूनच नमस्कार केला.

बाबासाहेब त्या घराचे मालक नव्हते, भाडेकरू होते. शाहू महाराजांची आणि नवल भथेना या मित्राची मदत, शिवाय सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून मागे टाकलेले पैसे, एवढ्यावर ते १९२० मध्ये दुसर्‍यांदा लंडनला गेले. आणि अभ्यासाचा विषय कोणता, तर रुपया! 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये पुस्तकरूपाने आला. पहिल्या महायुद्धाआधी बरीच वर्षं रुपया एक शिलिंग चार पेन्सला बांधलेला होता, म्हणजे पौंडाला पंधरा रुपये. युद्धानंतर तो हेलकावे खाऊ लागला. रुपयात पैसे जमवायचे आणि पौंडात खर्च करायचे, यातली चटके देणारी बाजू त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नसणार.

(जाता जाता, आम्हा निफाडकरांच्या अभिमानाची गोष्ट. न्यायमूर्ती रानडे यांचा जन्म १८४२ सालचा, इथलाच. १९४३ मध्ये पुण्यात रानड्यांच्या जयंतीला बाबासाहेबांनी केलेलं भाषण प्रसिद्ध आहे. मी ते दरवर्षी दहावीच्या मुलांना सांगत असे, अभ्यासक्रमात नसलं तरी.)

पुढे २०१४ मध्ये ते घर विक्रीला निघालं. इंग्लंडमधल्या आंबेडकरी आणि बौद्ध संघटनांनी सरकारच्या मागे लागून ते आपल्याकडे यावं म्हणून खटपट केली. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घेतलं. किंमत सुमारे ३१ लाख पौंड, म्हणजे तेव्हाच्या भावाने तीसेक कोटी रुपये. बाबासाहेब तिथे शिकत होते त्या काळात पंधरा-सोळा रुपयांना मिळणारा पौंड घर घेताना शंभराच्या आसपास गेला होता. त्या वर्षीच्या १४ नोव्हेंबरला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. आपल्याला वाटलं, झालं काम.

तसं नव्हतं. घर आपलं झालं, पण तिथे काय करायचं हे ठरवायचा हक्क आपला नव्हता! तिथल्या नगरपालिकेच्या, म्हणजे कॅम्डेन कौन्सिलच्या, दप्तरी ते राहण्याचं घर होतं. त्याचं स्मारक-संग्रहालय करायला वापरबदलाची परवानगी हवी होती. शेजार्‍यांनी गर्दीची आणि आवाजाची तक्रार केली. कौन्सिलने २०१८ मध्ये परवानगी नाकारली. कारण काय, तर आमच्या भागात आधीच घरांची टंचाई आहे, राहतं घर कमी होऊ देणार नाही.

हे वाचून तेव्हा कित्येकांना राग आला. मला मात्र आपलं एन.ए. आठवलं. आमच्या शिवारात स्वतःच्या मालकीच्या जमिनीवर गोदाम बांधायचं तर बिनशेती परवानगी लागतेच ना? सातबार्‍यावर नाव आहे म्हणून काहीही करता येत नाही. तिथेही तेच. फरक इतकाच की इथे कुणाकडे जायचं ते आपल्याला ठाऊक असतं. आम्ही त्या रस्त्यावर उभे होतो तेव्हा प्रकरण लटकलेलंच होतं. सप्टेंबरात जाहीर चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश मंत्र्यांनी परवानगी दिली. एका राज्य सरकारला, वकील हाताशी असताना, साडेचार वर्षं लागली. भाच्याने हे लक्षात ठेवावं.

आता पैशाचं. आमच्या तरुणपणी विलायतेला जाणार्‍याला तीन पौंड नेऊ देत. घर घेण्याची गोष्ट दूरच. १९७३ च्या 'फेरा' कायद्यात परकीय चलनाचा गुन्हा हा फौजदारी गुन्हा होता. २००० च्या जूनपासून 'फेमा' आला. फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने माणशी वर्षाला २५ हजार डॉलर पाठवायची मुभा दिली, ती वाढत दोन लाखांवर गेली. २०१३ च्या ऑगस्टमध्ये रुपया घसरला तेव्हा मर्यादा ७५ हजारांवर आणली आणि या पैशातून परदेशी घर घ्यायलाच बंदी केली. ती २०१४ मध्ये उठली. २०१५ पासून मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. म्हणजे दार उघडं आहे, पण रुपया आजारी पडला की सरकार ते लोटून घेतं, हे एकदा झालेलं आहे.

२०२१ मध्ये धाकट्याने फ्लॅट घ्यायचं ठरवलं. बँक कर्ज देणार होती, पण सुरुवातीची रक्कम स्वतःची हवी. त्यात कमी पडत होतं. त्याने मागितले नाहीत. सुनेने सौ.ला सांगितलं, सौ.ने मला. आमच्याकडे द्राक्षाची दीड एकर बाग आहे. विकावी असं माझ्या मनात येऊन गेलं. सौ. एवढंच म्हणाली, "बाग माझ्या सासूबाईंनी राखली." विषय संपला. निवृत्तीच्या पैशातले बारा लाख पाठवले. त्याचे बारा हजार पौंडसुद्धा झाले नाहीत. बँकेने वर पंचवीस हजार कर कापला, सात लाखांच्या वरच्या रकमेवर पाच टक्के. तो विवरणपत्र भरल्यावर परत मिळाला. आता भेट म्हणून किंवा घरासाठी पाठवायचे तर दहा लाखांच्या वर वीस टक्के कापतात. परत मिळतात, पण तोवर अडकतात.

फ्लॅट म्हणजे तिथे बहुधा जमीन आपली नसतेच. पट्टा असतो, आमच्या धाकट्याचा १२५ वर्षांचा. शिल्लक ८० वर्षांच्या खाली आली की बँका नाक मुरडतात. वर देखभालीचा खर्च, कौन्सिलचा कर. आणि व्याज! त्याने दोन वर्षांसाठी ठरावीक दर घेतला होता. २०२१ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेचा दर ०.१ टक्का होता. २०२३ च्या ऑगस्टमध्ये, त्याची मुदत संपली तेव्हा, ५.२५ होता. हप्ता असा वाढला की पोराने एक वर्ष भारतात येणं टाळलं. त्याला वाटलं आम्हाला कारण कळलं नाही.

पण भाच्याला जे सांगायचं राहिलं ते वेगळंच आहे. पैसे पाठवल्यावर तिकडच्या कर्ज देणार्‍या बँकेने माझ्याकडून एक पत्र मागवलं. त्यात लिहून द्यायचं होतं की ही रक्कम भेट आहे, उसनी नाही, मी ती परत मागणार नाही आणि या घरावर माझा कोणताही हक्क राहणार नाही.

सौ.ने मला मराठीत वाचून दाखवायला लावलं. मग म्हणाली, "आपल्या पैशाचं घर आणि आपला हक्क नाही, हे आपणच लिहून द्यायचं?"

मी समजावलं. बँकेला उद्या भानगड नको असते, घर विकायची वेळ आली तर मध्येच बाप उभा राहायला नको. तिला पटलंही. पण आमच्या वाड्यात एका खोलीवर चार भावांची नावं आहेत आणि एकाचंही नाव कमी करायला कुणी तयार नाही, अशा घरात जन्म गेलेल्या माणसाला ती सही करताना पेन जड होतं. मी दोन दिवस लावले. तिसर्‍या दिवशी धाकट्याचा फोन आला, "बाबा, पत्र मिळालं नाही अजून." मी म्हटलं, "नेट गेलं होतं रे." आणि सही करून, मोबाईलवर फोटो काढून पाठवून दिलं.

मूळ पत्र माझ्याकडेच आहे. सातबार्‍याच्या फाईलमध्ये ठेवलंय, बागेच्या उतार्‍याच्या खाली.