वेष, वाणी आणि व्याकरण : बालगंधर्वांच्या मुखवट्याचा विचार

१

मुखवटा म्हटला की प्रथम चेहरा डोळ्यांसमोर येतो. तथापि या वस्तूचा आणि भाषेचा संबंध फार जुना आहे. लॅटिनमधील 'पर्सोना' या शब्दाचा अर्थ नटाचा मुखवटा असा होता. पुढे त्याचा अर्थ 'भूमिका' आणि नंतर 'व्यक्ती' असा होत गेला. युरोपीय व्याकरणातील 'पर्सन' ही संज्ञा याच शब्दापासून आलेली असून तिलाच मराठी व्याकरणकार संस्कृत परंपरेस अनुसरून 'पुरुष' असे म्हणतात. म्हणजे वाक्यात बोलणारा कोण, हा वैयाकरणाचा प्रश्न आणि मुखवट्यामागे कोण, हा प्रेक्षकाचा प्रश्न एकाच शब्दापाशी येऊन मिळतात.

मराठी रंगभूमीच्या इतिहासात हे दोन प्रश्न ज्यांच्या कारकिर्दीत एकरूप झाले ते नट म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) होत. त्यांच्या गायकीविषयी आणि सौंदर्याविषयी विपुल लिहिले गेले आहे. त्यांच्या भाषिक वेषांतराकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले. त्यांनी चेहऱ्यावर मुखवटा कधीच चढविला नाही. त्यांचा मुखवटा वाणीचा होता, आणि म्हणूनच तो उतरविण्याची वेळ आली तेव्हा ती गोष्ट केवळ वेष बदलण्याइतकी सोपी राहिली नाही, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

एका आधुनिक उदाहरणाशी तुलना केल्यास हा मुद्दा स्पष्ट होईल. 'बकेटहेड' या नावाने प्रसिद्ध असलेला, १९६९ साली जन्मलेला अमेरिकन गिटारवादक ब्रायन कॅरोल चेहऱ्यावर पांढरा, भावशून्य मुखवटा आणि डोक्यावर कागदी बादली घालून रंगमंचावर येतो. २००० ते २००४ या काळात तो 'गन्स एन्' रोझेस' या विख्यात वृंदात होता. जाहीर संभाषण त्याने दीर्घकाळ टाळले. बोलायचेच झाल्यास हातातील बाहुलीच्या तोंडून बोलावे, असाही त्याचा प्रघात होता. चेहरा झाकला, वाणी थांबविली. उरली ती बोटांची अलौकिक गती. वादकाला हे शक्य आहे, कारण वाद्याला लिंग नाही आणि पुरुषही नाही. गायक नटाला मौनाचा आश्रय घेता येत नाही. त्याला तोंड उघडावेच लागते आणि मराठीत तोंड उघडताच बोलणारा स्त्री की पुरुष हे क्रियापद सांगून टाकते.

२

पुरुषाने स्त्रीभूमिका करणे ही गोष्ट मराठी रंगभूमीने निर्माण केलेली नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात पात्रांच्या प्रकृतीचे अनुरूपा, विरूपा आणि रूपानुसारिणी असे तीन प्रकार सांगितले असून पुरुषाने स्त्रीचे रूप धारण करणे हे त्यांपैकी तिसऱ्या प्रकारात येते. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगली येथे 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेव्हापासून स्त्रीपात्रे पुरुषांकडेच होती. बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या 'शाकुंतला'चा प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. आता स्त्रीपार्टी नटाला केवळ दिसणे व बोलणे पुरेसे नव्हते. त्याला गाणेही आवश्यक ठरले. किर्लोस्कर मंडळीत भाऊराव कोल्हटकरांनी ही अपेक्षा पूर्ण केली. पुढे तेही पुरुषभूमिकांकडे वळले आणि १९०१ साली निवर्तले.

त्यांच्या मागे निर्माण झालेली उणीव नारायणरावांनी भरून काढली. लहानपणी त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना 'बालगंधर्व' म्हटले, असे परंपरा सांगते. १९०५ साली ते किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले आणि शकुंतलेच्या भूमिकेत प्रेक्षकांसमोर आले. 'गंधर्व' हा शब्द येथे लक्षात घेण्याजोगा आहे. ही बिरुदावली पुल्लिंगी आहे, आणि ज्या भूमिकांमुळे ती घरोघरी पोहोचली त्या सर्व स्त्रीलिंगी आहेत. नाव आणि भूमिका यांतील ही फारकत अखेरपर्यंत कायम राहिली.

३

या फारकतीचे भाषिक स्वरूप तपासून पाहणे उद्बोधक आहे. इंग्रजीत प्रथमपुरुषी वाक्यावरून वक्त्याचे लिंग कळत नाही. मराठीत 'मी जातो' आणि 'मी जाते', 'मी आलो' आणि 'मी आले' असा भेद अटळ आहे. मात्र हा भेद सर्वत्र सारखा नाही. भविष्यकाळात 'मी येईन' हे रूप दोघांनाही समान आहे. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात क्रियापद कर्मानुसार चालत असल्याने 'मी पत्र वाचले' या वाक्यावरून वाचणारा कोण ते समजत नाही. आज्ञार्थातही वक्त्याचे लिंग झाकलेले राहते.

याचा अर्थ असा की, मराठी संवाद बोलणाऱ्या स्त्रीपार्टी नटाचा भाषिक मुखवटा सलग नसतो. तो वाक्यागणिक चढतो आणि उतरतो. एखाद्या वाक्यात व्याकरण त्याला स्त्री ठरविते, तर पुढच्याच वाक्यात ते तटस्थ होते. त्या तटस्थ जागा नटाने भरावयाच्या असतात आणि त्या स्वराची उंची, शब्दांमधील विराम, वाक्यान्तीची नजाकत, संबोधनातील मार्दव यांनीच भरता येतात. बालगंधर्वांचे सामर्थ्य येथे होते. त्यांच्या पदगायनातही शब्दाचा उच्चार स्वरविलासाखाली कधी दबून गेला नाही. लहान, चपळ तान घेऊन ते पुन्हा अक्षरावर येत आणि ते अक्षर जणू बोलल्यासारखे उमटे.

प्रेक्षकांच्या आणि समीक्षकांच्या भाषेनेही या प्रश्नाची एक सोडवणूक शोधून काढली. 'नारायणराव आले' असे म्हणावे तर रंगमंचावरील स्त्री नाहीशी होते. नुसते 'रुक्मिणी आली' असे म्हणावे तर कलावंत नाहीसा होतो. म्हणून 'बालगंधर्वांची रुक्मिणी', 'बालगंधर्वांची सिंधू' असा षष्ठीचा प्रयोग रूढ झाला. या रचनेत नटाचे नाव आदरार्थी बहुवचनात सुरक्षित राहते आणि क्रियापद मात्र भूमिकेच्या लिंगाने चालते. दोन्ही सत्ये एकाच पदबंधात नांदविण्याची ही युक्ती कोणा वैयाकरणाने घडविलेली नाही. ती नाट्यगृहातून बाहेर पडणाऱ्या रसिकांच्या बोलण्यात रुळली.

४

१९११ ते १९२१ हे दशक या मुखवट्याच्या वैभवाचे होय. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'मानापमान' १२ मार्च १९११ रोजी मुंबईत प्रथम रंगभूमीवर आले. त्याच सुमारास नारायणरावांची कन्या वारली. तरीही प्रयोग रद्द न करता त्यांनी भामिनीची भूमिका केली. ही हकीकत सामान्यतः कर्तव्यनिष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. तीत आणखीही एक अर्थ आहे. पित्याच्या शोकाला त्या रात्री रंगमंचावर व्याकरणसुद्धा उपलब्ध नव्हते; बोलावयाचे ते भामिनीच्या रूपांनी.

१९१३ साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. १९१६ च्या 'स्वयंवरा'ला भास्करबुवा बखले यांचे संगीत लाभले आणि ख्यालातील चिजांच्या चाली रुक्मिणीच्या तोंडी मराठी पदे होऊन आल्या. राम गणेश गडकरी यांच्या निधनानंतर काही आठवड्यांतच, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, 'एकच प्याला' बडोदे येथे रंगभूमीवर आले. भरजरी शालूंसाठी ख्यात असलेल्या नटाने सिंधूसाठी फाटके, ठिगळांचे लुगडे नेसले, आणि तरीही प्रेक्षकांची पकड सुटली नाही. मुखवट्याचे मर्म वस्त्रालंकारांत नव्हते याचा यापेक्षा सबळ पुरावा शोधण्याचे कारण नाही. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या संयुक्त 'मानापमाना'त केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी होते. केशवरावांचाही आरंभ स्त्रीभूमिकांतूनच झाला होता.

या वैभवाला विक्षिप्ततेची म्हणावी अशी एक बाजू होती. रंगमंचावरील गालिचे, अलंकार, अत्तरे यांत खोटेपणा त्यांना खपत नसे. अहमदजान थिरकवांसारखा तबलावादक आणि कादरबक्षांसारखा सारंगीवादक त्यांनी नाटकाच्या साथीस बसविला. परिणामी मंडळी लाखांच्या घरातील कर्जात बुडाली. परंतु नादारी पत्करावयाची नाही असे ठरवून त्यांनी ते कर्ज पुढील काही वर्षांत खेळांच्या उत्पन्नातून फेडले. भेटेल त्याला 'देवा' अशी हाक मारणाऱ्या या माणसाने व्यवहाराकडे पाहिले तेही काहीशा अशाच अलिप्ततेने.

ग्रामोफोनमुळे या मुखवट्याची एक वेगळीच कसोटी लागली. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गायन मावे. तेथे शालू नव्हता, नथ नव्हती, चेहराही नव्हता; होता तो आवाज आणि पदांतील स्त्रीलिंगी रूपे. तरीही ऐकणाऱ्याला भामिनी भेटत असे. गिटारवादकाच्या बादलीखाली चेहरा नाहीसा होऊन नाद उरतो. येथे चेहरा नाहीसा झाला तरी मुखवटा शिल्लक राहतो.

५

१९३१ साली भारतात बोलपट आला. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' या प्रभातच्या चित्रपटात गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले, तर तारामतीच्या भूमिकेत दुर्गाबाई खोटे होत्या. १ जुलै १९३३ रोजी 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक सादर केले. त्यात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक यांनी स्त्रीभूमिका केल्या. स्त्रीचे बोलणे स्त्रीच्या तोंडून ऐकण्याची सवय मराठी प्रेक्षकाला अशा रीतीने लागू लागली.

या पार्श्वभूमीवर १९३५ साली व्ही. शांताराम यांच्या 'धर्मात्मा' चित्रपटात बालगंधर्व संत एकनाथ झाले. गळा तोच होता, भक्तिभावही खोटा नव्हता. तरीही ज्याच्या तोंडून तीस वर्षे 'मी जाते' ऐकले त्याच्या तोंडचे 'मी जातो' प्रेक्षकांना रुचले नाही. वास्तविक हीच त्यांची स्वतःची भाषा होती. नट मुखवटा काढून उभा राहिला आणि लोकांना तो उघडा चेहराच सोंग वाटला. प्रभातशी झालेला करार पुढे टिकला नाही. १९३७ च्या 'साध्वी मीराबाई'त ते पुन्हा स्त्रीवेषाकडे गेले. परंतु चित्रपटाच्या निकटदृष्टीला वयाची पन्नाशी झाकता येत नाही.

६

१९३८ मध्ये गोहरबाई कर्नाटकी गंधर्व मंडळीत आल्या. स्त्रीभूमिका त्यांच्याकडे गेल्या आणि नारायणराव अनेकदा पुरुषभूमिकांत दिसू लागले. गोहरबाईंविषयी त्या काळी आणि नंतरही बरीच कटुता व्यक्त झाली. तिचे विवेचन येथे कर्तव्य नाही. भाषेच्या दृष्टीने एक गोष्ट मात्र ध्यानी घेतली पाहिजे. गोहरबाई कन्नड प्रदेशातून आलेल्या होत्या आणि बालगंधर्वांच्या गायकीचे त्यांनी निष्ठेने अनुकरण केले होते. म्हणजे मराठी रंगभूमीवर मराठी स्त्री म्हणून उभे राहण्यासाठी एका स्त्रीला एका पुरुषाचा आवाज आत्मसात करावा लागला.

हा योगायोग नव्हता. बालगंधर्वांच्या नायिका जी भाषा बोलत ती पुण्याच्या सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांतील सुशिक्षित घरांच्या बोलीला जवळची होती. हीच बोली पुढे प्रमाण मराठी म्हणून स्वीकारली गेली. या घरांतील स्त्रियांनी त्यांच्यासारखे लुगडे नेसावे, त्यांच्यासारखी केशरचना करावी, असे घडल्याचे अनेकांनी नमूद केले आहे. त्याच घरांनी आपल्या मुलीसुनांना रंगमंचावर पाऊल ठेवू दिले नव्हते. ज्यांची भाषा उसनी घेतली त्यांना ती जाहीरपणे बोलण्याचा अधिकार नव्हता, आणि तो मिळाला तेव्हा त्यांची पारख उसनी घेणाऱ्याच्या मापाने झाली. बालगंधर्वांच्या कलेचे मोठेपण याने कमी होत नाही. परंतु त्या मोठेपणाची किंमत कोणी दिली, हा प्रश्न इतिहासलेखकाला टाळता येणार नाही.

१९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ मध्ये पद्मभूषण हे सन्मान त्यांना लाभले. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले आणि पुढील वर्षी, २६ जून १९६८ या त्यांच्या जन्मदिनी, बालगंधर्व रंगमंदिर खुले झाले.

अभ्यासकांपुढे यापुढील काम उघड आहे. ध्वनिमुद्रिकांनी प्रामुख्याने पदे जतन केली. गद्य संवाद बव्हंशी हवेत विरले. तथापि नाटकांच्या छापील संहिता उपलब्ध आहेत. पुरुष नट डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या नायिकांच्या संवादांत स्त्रीलिंगी प्रथमपुरुषी रूपे किती आणि तटस्थ रूपे किती, १९३३ नंतर स्त्रियांसाठी लिहिलेल्या संवादांत हे प्रमाण बदलते काय, याची मोजणी करता येईल. सदाशिव पेठेत महाराष्ट्र साहित्य परिषद आहे आणि १८९४ पासूनची परंपरा सांगणारे भारत नाट्य मंदिरही आहे. भाषेचा आणि रंगभूमीचा अभ्यास एकाच पेठेत इतकी वर्षे शेजारी नांदत आला असता या मोजणीसाठी दूर जाण्याचे कारण नाही.